काट्यावर न दिसणारे ओझे

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाला पहिले वर्षभर एकच प्रश्न सतत विचारला जातो : किती किलो उतरले? शल्यचिकित्सक तो विचारतात, शेजारी विचारतात, कचेरीतील सहकारी विचारतात आणि रुग्ण स्वतःही रोज सकाळी काट्यावर उभा राहून तोच प्रश्न स्वतःला विचारतो. प्रश्न गैर नाही. ज्या व्याधीसाठी पोटावर शस्त्र चालवून घेतले, तिचे माप किलोग्रॅममध्येच घेतले जाते. परंतु त्या माणसाचे मन थाऱ्यावर आहे काय, आरशासमोर उभे राहिल्यावर त्याला काय वाटते, पतिपत्नींमधील जवळीक वाढली की आटली, हे विचारायला सहसा कोणी धजत नाही. रुग्णही आपण होऊन सांगत नाही. वस्तुतः शस्त्रक्रिया कितपत सफल झाली, याचे उत्तर पुष्कळदा या न विचारलेल्या प्रश्नांतच दडलेले असते.

या शस्त्रक्रिया अगदी नव्या आहेत असे नव्हे. लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाला जवळची वाट काढून देण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती अमेरिकेतील मिनेसोटा येथील आर्नल्ड क्रेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली प्रसिद्ध केली. व्रणासाठी जठराचा काही भाग काढून टाकल्यावर रुग्णांचे वजन उतरते, हे आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी हेरले आणि १९६०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया विकसित केली. आज मुख्यत्वे दोन प्रकार रूढ आहेत. एकात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून त्याची अरुंद नळी केली जाते. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाशी छोटीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. यामुळे पोटातील जागा कमी होते, एवढेच नव्हे. भूक आणि तृप्ती यांचे संदेश मेंदूला पोचविणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाणही बदलते. म्हणजे शस्त्र पोटावर चालत असले, तरी त्याचा परिणाम प्रारंभापासूनच मेंदूपर्यंत जातो.

या शस्त्रक्रियांचा लाभ आता वादातीत म्हणता येईल. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका प्रदीर्घ पाहणीत शस्त्रक्रिया झालेले २,०१० रुग्ण आणि नेहमीचेच उपचार घेणारे २,०३७ लठ्ठ रुग्ण यांची वर्षानुवर्षे तुलना करण्यात आली. शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्क्यांनी उतरलेले होते आणि दहा वर्षांनंतरही ते मूळ वजनापेक्षा १७ टक्क्यांनी कमी होते. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही घटल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडखळणे, गुडघ्यांची झीज या सर्वांवर वजन उतरण्याचा अनुकूल परिणाम होतो. तेव्हा या शस्त्रक्रियेविषयी मनात भीती भरवणे हे रुग्णाच्या हिताचे नाही. प्रश्न आहे तो तिच्याकडून कशाकशाची अपेक्षा धरावी, आणि जे काम शस्त्राचे नव्हे ते कोणी करावे, हा.

देहाचा लाभ, कामजीवनाचा लाभ

लठ्ठपणाचा कामजीवनावर परिणाम होतो, ही गोष्ट कुजबुजीतच बोलली जाते. तिचे शास्त्रीय कारण मात्र सरळ आहे. पुरुषांच्या बाबतीत चरबीच्या पेशींमधील अॅरोमाटेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकात रूपांतर करते. चरबी जितकी अधिक, तितके हे रूपांतर अधिक. त्यात मधुमेहाने व उच्च रक्तदाबाने रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांची हानी झालेली असेल, तर इंद्रियाच्या ताठरतेवर परिणाम व्हावा यात नवल नाही. स्त्रियांमध्ये लठ्ठपणाबरोबर बीजकोशांचा विकार, अनियमित पाळी आणि वंध्यत्व यांची साखळी अनेकदा आढळते. वजन उतरले की पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉनची पातळी वाढते, अनेक स्त्रियांची पाळी नियमित होते. धाप लागणे, सांधे दुखणे, शरीराचा अवघडलेपणा या साध्या अडचणीही कमी होतात. त्यांचा शय्यागृहातील वाटा संप्रेरकांहून कमी नसतो.

अमेरिकेत १०६ स्त्रियांच्या एका अभ्यासात, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शस्त्रक्रियेनंतरच्या दोन वर्षांत संप्रेरकांबरोबरच कामजीवनातही सुधारणा दिसली, आणि ज्यांची स्थिती आरंभी सर्वांत वाईट होती, त्यांनाच सर्वाधिक लाभ झाला. ही गोष्ट निःसंशय आशादायक आहे. परंतु त्याच देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने तिची दुसरी बाजूही पुढे आणली. शस्त्रक्रियेपूर्वी आपल्या कामजीवनाविषयी असमाधानी असलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर लक्षणीय सुधारणा आढळली, ती सुमारे निम्म्यांच्या बाबतीत. निम्म्यांना लाभ झाला हे जितके खरे, तितकेच उरलेल्या निम्म्यांना तो तेवढ्या प्रमाणात झाला नाही, हेही खरे. त्यांचेही वजन उतरले होते. तरीही जे हवे होते ते हाती आले नाही. असे का व्हावे?

आरशातील जुना माणूस

याचे पहिले कारण देहावरच लिहिलेले असते. वर्षानुवर्षे ताणलेली त्वचा चरबी गेल्यावर पूर्ववत आवळत नाही. पोटावर, दंडांवर, मांड्यांवर ती लोंबते. स्त्रियांचे स्तन ओघळतात. घड्यांमध्ये घामाने पुरळ उठते. कपड्यांत सडपातळ दिसणारी स्त्री कपडे उतरवताना पूर्वीपेक्षा अधिक संकोचते, असा विपरीत प्रकार घडतो. पूर्वी लाज लठ्ठपणाची होती, आता लोंबत्या कातडीची आहे. ही त्वचा काढून टाकण्यासाठी पुन्हा निराळी शस्त्रक्रिया करावी लागते. विमा कंपन्या तिच्याकडे बहुधा सौंदर्याची हौस म्हणून पाहतात. ज्याच्या अंगावर ती कातडी असते त्याला मात्र ती हौस वाटत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. शरीर बारा महिन्यांत बदलते, पण मनातील आपल्या शरीराची प्रतिमा तेवढ्या वेगाने बदलत नाही. चाळीस किलो उतरलेला माणूस बसमध्ये दोघांच्या बाकावर बसताना अजूनही अंग चोरतो, दारातून आडवा होऊन जातो, दुकानात गेल्यावर जुन्याच मापाचा सदरा मागतो. ज्याला शाळेत असल्यापासून नावे ठेवली गेली, त्याच्या कानांतील ती नावे शल्यचिकित्सकाला कापून काढता येत नाहीत. उलट, कालपर्यंत ज्यांनी दुर्लक्ष केले तेच लोक आज कौतुकाने बोलू लागले की त्याच्या मनात एक कडवट प्रश्न उभा राहतो : मग तेव्हा माणूस म्हणून माझी किंमत काय होती? हा प्रश्न तो आपल्या जोडीदारालाही मनातल्या मनात विचारतो.

सॅन डिएगो येथील डॉक्टर व्हिन्सेंट फेलिटी यांना १९८०च्या दशकात आलेला अनुभव या संदर्भात विचार करण्याजोगा आहे. तो शस्त्रक्रियेचा नव्हे, उपवासाच्या उपचाराचा आहे. पण प्रश्न तोच. त्यांच्या लठ्ठपणाच्या उपचारकेंद्रातून कित्येक रुग्ण वजन झपाट्याने उतरत असतानाच निघून जात. अपयशाने नव्हे, तर यश येत असताना माणसे पळ का काढतात, हे कोडे सोडविण्यासाठी त्यांनी रुग्णांशी सविस्तर बोलायला प्रारंभ केला, तेव्हा त्यांपैकी अनेकांवर बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. त्यांच्या दृष्टीने चरबी ही व्याधी नव्हती, ती चिलखत होती. वजन उतरले की लोकांच्या नजरा वळत, आणि त्या नजरांचेच त्यांना भय होते. या शोधातूनच पुढे बालपणीच्या आघातांचा व प्रौढपणातील आजारांचा संबंध तपासणारी मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक लठ्ठ माणसामागे अशी व्यथा असते, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण जिच्यामागे ती आहे, तिचे चिलखत काही तासांच्या शस्त्रक्रियेने उतरवताना तिला आधी विचारलेच पाहिजे, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

घराचा तोल

विवाहसंबंधांवर या शस्त्रक्रियेचा काय परिणाम होतो, याचा सर्वांत पद्धतशीर शोध स्वीडनमध्येच घेतला गेला. वर उल्लेखिलेली पाहणी आणि त्या देशातील शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही या दोहोंचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. नोंदवहीतील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची संख्या २९ हजारांवर होती. जे एकटे होते, त्यांच्यात विवाह होण्याची वा नवे नाते जुळण्याची शक्यता तुलनेतील लोकांपेक्षा वाढली; पहिल्या पाहणीत ती जवळजवळ दुप्पट होती. जे आधीच विवाहित होते वा जोडीदाराबरोबर राहत होते, त्यांच्यात विभक्त होण्याची शक्यताही वाढली; दोन्ही ठिकाणी ती सुमारे सव्वा ते दीड पटीच्या दरम्यान होती. वजन जितके अधिक उतरले, तितके हे बदल अधिक, असेही आढळले.

या आकड्यांचा सोयीस्कर अर्थ लावण्याचा मोह टाळला पाहिजे. शस्त्रक्रियेने संसार मोडतात, असा निष्कर्ष यातून निघत नाही. बहुसंख्य जोडपी एकत्रच राहिली. शिवाय मोडलेले प्रत्येक नाते जपण्याजोगे होते, असेही नव्हे. ‘तुला दुसरे कोण विचारणार’ या एकाच वाक्याच्या बळावर ज्या पत्नीला वर्षानुवर्षे दाबून ठेवले, तिच्या अंगी शस्त्रक्रियेनंतर आत्मविश्वास आला आणि ती घराबाहेर पडली, तर त्याला दुष्परिणाम कसे म्हणावे? स्वीडनमध्ये स्त्री एकटी राहू शकते. तेथील कायदा, नोकरी आणि समाज तिच्या पाठीशी असतात. महाराष्ट्रातील पुष्कळ स्त्रियांना ती वाट मोकळी नसते. त्यामुळे येथे तोच ताण घटस्फोटाच्या आकड्यांत दिसणार नाही. तो संशयात, टोमण्यांत आणि अबोल्यात दिसेल. कालपर्यंत पत्नीच्या शरीराची थट्टा करणारा पती आज तिच्या नव्या साडीकडे आणि परतण्याच्या वेळेकडे संशयाने पाहू लागतो. दोघांपैकी एकाचे शरीर बदलले की दोघांमधील जुना करार बदलतो, आणि तो पुन्हा बोलून ठरवावा लागतो. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करणाऱ्या जोडीदाराला हे कोणी सांगितलेले नसते.

यात अन्नाचा प्रश्नही गुंतलेला आहे. मराठी घरात माया ताटातून व्यक्त होते. आग्रहाने वाढणे, ‘अजून एक पोळी घे’ म्हणणे, सणाला पुरणपोळीवर तुपाची धार धरणे ही जवळिकीची भाषा आहे. शस्त्रक्रियेनंतर काही घासांत पोट भरते. जठराला वळसा घालणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर गोड खाल्ले तर छाती धडधडते, घाम सुटतो, गळून गेल्यासारखे होते. पंगतीत तो माणूस परका होतो. ज्याला दुःखात, एकटेपणात, कंटाळ्यात खाण्याचाच आधार होता, त्याचा आधार तर एका दिवसात काढून घेतला जातो. दुःख मात्र असते तेथेच राहते. मग मन दुसरा आधार शोधते. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत मद्याच्या आहारी जाण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षी ७.६ टक्के होते. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी ते ९.६ टक्के झाले. याला शारीरिक कारणही आहे. वळसा घालणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर मद्य रक्तात झटकन उतरते आणि थोड्या मात्रेनेही नशा चढते.

दुसऱ्या वर्षाचा धोका

पहिले वर्ष बहुधा उत्साहाचे असते. वजन दर आठवड्याला उतरते, औषधे कमी होतात, कौतुक होते. नैराश्यही अनेकांच्या बाबतीत कमी होते. त्यानंतर काटा एके ठिकाणी थांबतो, कौतुक ओसरते आणि काही किलो परत येतात. स्वीडनच्या पाहणीत जीवनमानातील सुधारणा पहिल्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक होती. पुढे सहाव्या वर्षापर्यंत, वजन परत वाढत गेले तशी ती उतरत गेली आणि नंतर स्थिरावली. मूळ स्थितीपेक्षा रुग्ण बरेच होते, पण पहिल्या वर्षीचे स्वप्न टिकले नव्हते. ज्याने आपली सारी दुःखे वजनाच्या खात्यावर मांडलेली असतात, त्याला हा काळ अवघड जातो. वजन गेले, तरी वरिष्ठ तसाच आहे, कर्ज तसेच आहे, अबोलाही तसाच आहे, हे कळते ते याच वेळी.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांचा शस्त्रक्रियेपूर्वीच्या व नंतरच्या प्रत्येकी तीन वर्षांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या उपचारांसाठी आणावे लागण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीडपट झाले आणि बहुतेक घटना दुसऱ्या व तिसऱ्या वर्षात घडल्या. असे रुग्ण एकूण १११ होते, म्हणजे शंभरात दोनही नव्हेत. परंतु या घटनांपैकी ९३ टक्के अशा रुग्णांच्या बाबतीत घडल्या, ज्यांच्या मानसिक आजाराची नोंद शस्त्रक्रियेच्या आधीच्या पाच वर्षांत झालेली होती. म्हणजे धोका कोणाला आहे, हे आधीच ठाऊक होते. त्यांची विचारपूस करण्याची सर्वाधिक गरज नेमकी त्या काळात असते, ज्या काळात रुग्णालयातील फेऱ्या विरळ होत जातात. दुर्दैवाची गोष्ट ती हीच.

शरीरातील काही साध्या उणिवाही मनाच्या आजाराचे रूप घेतात. ब १२ जीवनसत्त्व, लोह, थायमिन यांचे शोषण वा सेवन कमी पडले की थकवा, उदासपणा, विस्मरण जाणवू लागते. शाकाहारी कुटुंबांत ब १२ची उणीव मुळातच पुष्कळ आढळते. तेथे ही दक्षता दुप्पट घ्यावयास हवी. नैराश्यावरील गोळ्यांचे शोषणही शस्त्रक्रियेनंतर बदलू शकते. आजवर लागू पडलेले औषध एकाएकी निरुपयोगी वाटू लागले, तर रुग्णाने स्वतःला दोष न देता डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

बोलण्याची लाज

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत या शस्त्रक्रिया आता नित्याच्या झाल्या आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणाबाहेर होते. शस्त्रक्रियेची शिफारस करण्याचे आंतरराष्ट्रीय निकषही २०२२ साली शिथिल झाले आणि आशियाई लोकांसाठी ते आणखी खाली आणले गेले. २०२५ मध्ये वजन उतरविणारी नवी इंजेक्शनेही भारतात आली. वजन शस्त्राने उतरो वा सुईने, मनाचे आणि संसाराचे प्रश्न टळत नाहीत. तेव्हा ही चर्चा मूठभर श्रीमंतांपुरती राहिलेली नाही. लग्न जमत नाही म्हणून मुलीला शल्यचिकित्सकाकडे नेणारे आईबाप, मूल होत नाही म्हणून आलेले जोडपे, मधुमेहाने जेरीस आलेला कारकून असे सर्व थरांतले लोक या दारापाशी येऊ लागले आहेत.

त्यांतील तरुण स्त्रियांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली जाणे आवश्यक आहे. वजन उतरू लागले की बंद असलेली पाळी सुरू होते आणि गर्भधारणेची शक्यता अनपेक्षितपणे वाढते. परंतु पहिले १२ ते १८ महिने गर्भ राहू न देणे आई आणि मूल या दोघांच्याही हिताचे असते. संततिनियमनाच्या तोंडावाटे घ्यावयाच्या गोळ्या वळसा घालणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर पुरेशा शोषल्या जातील याची खात्री नसते, म्हणून दुसरे साधन वापरावे लागते. हा सल्ला द्यायचा म्हणजे कामजीवनाविषयी बोलावे लागते, आणि तेथेच डॉक्टर व रुग्ण दोघेही अडखळतात.

हा संकोच ज्या मुंबईत पाळला जातो, त्याच मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले होते. अश्लीलतेचे खटले अंगावर घेऊनही त्यांनी मराठीतून या विषयावर स्वच्छ, शास्त्रीय भाषेत लिहिले. शंभर वर्षे उलटली, तरी त्याच मराठीतील रुग्णाला डॉक्टरसमोर ‘ते’ आणि ‘तसे’ या सर्वनामांच्या आड लपावे लागते. शब्द नाहीत म्हणून नव्हे. ते उच्चारण्याची सवय नाही म्हणून.

करावयाचे ते फार अवघड नाही. शस्त्रक्रियेपूर्वीची मानसिक तपासणी ही रुग्णाला नापास करण्यासाठी घेतलेली परीक्षा नसावी. सत्य सांगितले तर शस्त्रक्रिया नाकारली जाईल, या भीतीने रुग्ण आपले नैराश्य, मद्यपान वा जुना आघात लपवितो, आणि पुढे त्याचीच किंमत मोजतो. त्या भेटीला जोडीदारालाही बोलवावे. कामजीवनाचा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःहून, नेहमीच्या प्रश्नांसारखाच विचारावा. रुग्णाला चारचौघांत नव्हे, एकांतात बोलू द्यावे. मानसोपचारतज्ज्ञाची भेट पहिल्या महिन्यापुरती न ठेवता दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षीही ठरवून ठेवावी. ज्याला मानसिक आजाराचा पूर्वेतिहास आहे, त्याच्या घरच्यांना धोक्याची चिन्हे समजावून सांगावीत. यासाठी लाखो रुपयांची यंत्रे लागत नाहीत. एक खुर्ची, एक बंद दार आणि अर्धा तास लागतो.

समाजाचाही यात वाटा आहे. लठ्ठ माणसाला आळशी आणि खादाड ठरवून हिणविणारी जीभच, त्याने शस्त्रक्रिया केली की ‘सोपी वाट धरली’ म्हणून पुन्हा हिणविते. शिक्षकाने वर्गात ठेवलेले एक नाव आणि कचेरीत झालेली एक थट्टा वीस वर्षांनंतर एखाद्याच्या शय्यागृहात त्याच्या सोबतीला येते, याची जाणीव थट्टा करणाराला नसते. शल्यचिकित्सक जठर लहान करू शकतो. ही जाणीव निर्माण करणे हे त्याच्या शस्त्राचे काम नव्हे. रुग्ण पुढच्या वेळी भेटेल तेव्हा ‘किती किलो उतरले’ हे जरूर विचारावे. पण तेवढ्यावर न थांबता, ‘बरे वाटते ना?’ असेही विचारावे, आणि त्याचे उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ जवळ ठेवावा.